छोटं विमान, एकच इंजिन आणि खाली समुद्र: जावं का?

कोपऱ्यातला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भाच्याला खासगी पायलटचं लायसन मिळून वर्ष झालं. परवा त्याचा फोन आला, मामा पुढच्या महिन्यात बेटावर जाऊ, चार सीटचं सेसना मिळतंय, तू पुढे माझ्या शेजारी बस. मी उत्साहाच्या भरात हो म्हणून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला की मधे चाळीस किलोमीटर नुसतं पाणी आहे आणि विमानाला इंजिन एक.

मग झोप कुठली यायला. नको ते शोधत बसलो आणि जानेवारी २०१५ चा तो व्हिडिओ सापडला. कॅलिफोर्नियाहून हवाईला निघालेलं सिरस एसआर-२२, आत एकटा पायलट. जादा टाकीतलं इंधन पुढे येईना, व्हॉल्व्हने दगा दिला, आणि मावी बेट अजून चारशेक किलोमीटर लांब. त्या विमानाला अख्ख्या विमानाचं पॅराशूट असतं, त्याने छताचं हँडल ओढलं, विमान लोंबकळत खाली आलं, नाकावर पाण्यात आपटलं. कोस्ट गार्डचं सी-१३० विमान वरून शूटिंग करत होतं. बाबा बाहेर आला, तराफा फुगवला, त्यात बसला, आणि वीनडॅम नावाच्या क्रूझ जहाजाने त्याला उचलला.

हे बघून बरं वाटायच्या ऐवजी जास्तच घाबरलो, कारण भाच्याच्या सेसनाला पॅराशूट नाही. तर प्रश्न असा की समुद्रावर इंजिन गेलं तर पुढे नक्की काय होतं? आणि मी जावं का?

तिरपागडा

भाचा मामाला मामा बनवतोय :) हलके घ्या.

रानवारा

जाऊ नका. बेटावर बोट जात असेलच की.

पंखवेडा

मी चौदा वर्षं छोटी विमानं उडवतोय, त्यातली सहा शिकवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. सेसना १७२ साधारण एकास नऊ तरंगतं, म्हणजे एक किलोमीटर खाली येता येता नऊ किलोमीटर पुढे जातं, वारा नसेल तर. पाच हजार फुटांवर असाल तर साडेतेरा किलोमीटर पल्ला आणि सहा-सात मिनिटं हातात. सहा मिनिटं फार मोठी असतात हो. नाक खाली करून ६५-६८ नॉटचा वेग धरायचा, किनाऱ्याकडे वळायचं, टाकी बदलून बघायची, इंधन-हवेचं मिश्रण, मॅग्नेटो (ठिणगी देणारा भाग), कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), सगळं चाचपायचं. लागलं परत तर लागलं. नाही तर रेडिओवर ‘मेडे’ म्हणजे मदतीची हाक, ट्रान्सपाँडरवर (रडारला आपली ओळख देणारं यंत्र) ७७०० हा संकटाचा आकडा, आणि मग उतरायची तयारी.

आता पाण्यावर उतरणं. लोकांना वाटतं वाऱ्यावर तोंड करून उतरायचं. समुद्रावर आधी लाट बघायची, वारा नंतर. लांबून येणारी जी मोठी रुंद लाट असते तिला समांतर उतरायचं, माथ्यावर नाहीतर माथा ओलांडल्यावर पाठीवर. समोरून येणाऱ्या लाटेच्या छातीवर नाक घुसलं तर भिंतीवर गाडी घातल्यासारखं. वारा खूपच असेल तर थोडी तडजोड. आणि समुद्र अगदी आरशासारखा शांत असेल तर उलट जास्त त्रास, उंची कळतच नाही, आपण अजून पन्नास फुटांवर आहोत असं वाटत असतानाच पाणी लागतं.

१७२ ची चाकं आत जात नाहीत, बाहेरच लोंबतात. तीच आधी पाण्यात अडकतात आणि विमान नाकावर उभं राहतं किंवा उलटं होतं. होईलच असं नाही, पण होणार असं धरून बसायचं. दार खाली यायच्या आधीच उघडून फटीत बूट अडकवायचा, म्हणजे चौकट वाकली तरी दार जाम होत नाही. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो आणि प्रत्येक जण हसतो.

भिजलेली_वात

वाचूनच पोटात गोळा आला. पण पंखवेडा, नेमकं समुद्रावर असतानाच इंजिन का बंद पडेल? जमिनीवर पडत नाही का?

पंखवेडा

@भिजलेली_वात, इंजिनला खाली काय आहे ते माहीत नसतं. पायलटला माहीत असतं. किनारा मागे पडला की इंजिनचा आवाज खरखरीत वाटायला लागतो, याला आमच्यात ‘ऑटोमॅटिक रफ’ म्हणतात. परत जमीन दिसली की इंजिन आपोआप दुरुस्त :)

तेलकट_हात

मी विमान देखभालीत आहे, म्हणजे पंखवेडासारखे लोक जे बिघडवून आणतात ते मी उघडतो. त्यामुळे थोडा वेगळा सूर लावतो.

इंजिन गेलं इंजिन गेलं म्हणतात त्यातली बरीच इंजिनं धडधाकट असतात, त्यांना खायलाच मिळालेलं नसतं. टाकी रिकामी, किंवा एक टाकी भरलेली आणि नॉब दुसऱ्या रिकाम्या टाकीवर. १७२ च्या नॉबवर ‘दोन्ही’ अशी जागा असते म्हणून हा घोळ कमी होतो, खाली पंख असलेल्या पायपरमध्ये ती सोय नाही, आठवणीने आलटून पालटून बदलावं लागतं. इंधनाचा काटा बघून उडणाऱ्याला मी विमान देणार नाही, पंखावर चढून काडी बुडवून बघायचं. आणि टाकीच्या तळातून पारदर्शक कपात थोडं काढून पाणी आहे का बघायचं, पाणी जड असतं, खाली बसतं.

दुसरं, कार्ब्युरेटरमधला बर्फ. बाहेर वीस अंश तापमान असलं तरी आत बर्फ धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान धाडकन उतरतं. वर समुद्रावरची दमट हवा. इंजिन हळूहळू दम सोडतं. कार्ब हीट ओढली की बर्फ वितळतो, पण ते वितळलेलं पाणी इंजिनातच जातं, त्यामुळे पहिला अर्धा मिनिट इंजिन आणखीनच खोकतं. नवखा पायलट घाबरतो आणि हीट परत बंद करतो. संपलं. तो अर्धा मिनिट दात खाऊन ओढून धरायची असते.

@कोपऱ्यातला, भाच्याचं १७२ कुठल्या सालचं आहे विचारा. नव्या मॉडेलमध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, त्यात ही कार्बची भानगडच नाही.

रानवारा

बघा. एवढं सगळं सांभाळायचं त्यापेक्षा बोट बरी. मी तेच म्हणालो होतो.

तिरपागडा

सी-प्लेन घ्या. समुद्रात उतरलं तर म्हणायचं, आम्हाला इथेच उतरायचं होतं.

वाळूचा_किल्ला

हडसनचं विसरलात का सगळे? १५ जानेवारी २००९, दोन्ही इंजिनांत पक्षी गेले, सलनबर्गरने एअरबस नदीवर उतरवली, १५५ च्या १५५ वाचले. एवढं मोठं धूड उतरतं तर चार सीटचं का नाही?

पंखवेडा

@वाळूचा_किल्ला, कौशल्य होतंच, शंका नाही. पण ती नदी होती, लाट नाही, चाकं आत, आणि फेरीबोटी काही मिनिटांत हजर. भर समुद्रातलं उदाहरण हवं तर पॅन ॲमची फ्लाइट ६ बघा, ऑक्टोबर १९५६, होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को. चारातली दोन इंजिनं गेली. कॅप्टनने रात्रभर कोस्ट गार्डच्या जहाजाभोवती घिरट्या घातल्या, उजाडायची वाट बघितली, शेपूट तुटू शकतं हे माहीत होतं म्हणून प्रवाशांना पुढे आणून बसवलं. शेपूट खरंच तुटलं. ३१ पैकी ३१ वाचले. मला हडसनपेक्षा ही गोष्ट जास्त आवडते, घाई न केल्याची.

खारा_वारा

मी समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काम करतो, हेलिकॉप्टरने ये-जा. आम्हाला दर काही वर्षांनी पाण्याखालून बाहेर पडायचं ट्रेनिंग सक्तीचं असतं, ते कसं असतं सांगतो म्हणजे वरच्या बुटाच्या गोष्टीवर कोणी हसणार नाही.

स्विमिंग पूलवर क्रेनला टांगलेली खोटी केबिन. आत बसवून पट्टे बांधतात, केबिन पाण्यात सोडतात आणि पाणी छातीपर्यंत आलं की उलटी करतात. पहिल्यांदा उलटं झाल्यावर नाकातून पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं वाटलं. डोळे उघडून उपयोग नाही, नुसते बुडबुडे. वर कुठे खाली कुठे कळत नाही. आणि माझा हात कुठे गेला माहितीये? कमरेला. उजव्या हाताने कमरेपाशी बक्कल शोधत होतो, कारण गाडीत ते तिथे असतं. हेलिकॉप्टरच्या पट्ट्याचं बक्कल छातीच्या मधोमध, गोल, फिरवायचं. मी तीन-चार सेकंद कमरेशी झटापट करत होतो, शेवटी पाणबुड्याने माझा हात धरून छातीवर ठेवला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, काळजी करू नका, बरेच जण हेच करतात.

तिथे शिकवतात ते एवढंच. एका हाताने खिडकीची चौकट नाहीतर दाराचं हँडल धरायचं आणि काही झालं तरी तो हात सोडायचा नाही. हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. मग दुसऱ्या हाताने पट्टा, आणि पहिल्या हाताकडे स्वतःला ओढायचं. शरीर उलटं झालं तरी दार तुमच्या त्याच बाजूला असतं, मेंदूला काहीही वाटो. दुसऱ्या फेरीत मी सुटलो. चौथ्या फेरीला जवळजवळ मजा आली.

भिजलेली_वात

खारा_वारा, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा हो. वाचताना मीच श्वास धरला होता.

निमूट

+१ खारा_वारा.

लाइफ जॅकेटबद्दल कोणीच बोललं नाही अजून. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोसच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. १७५ जणांपैकी १२५ गेले. त्यातल्या अनेकांनी विमान पाण्यात पडायच्या आधीच जॅकेट फुगवली होती. आत पाणी भरलं तसे ते छताला जाऊन चिकटले, दाराकडे खाली बुडी मारता येईना. म्हणून अंगात घालायचं पण फुगवायचं बाहेर पडल्यावर. शिडाच्या बोटीवर वापरतात ते पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट विमानात अजिबात चालत नाही, कारणही तेच.

जुनीपानं

रच्याकने (जाता जाता), हा सगळा प्रकार १०० वर्षांहून जुना आहे. १८ मे १९१९, हॅरी हॉकर आणि मॅकेंझी-ग्रीव्ह न्यूफाउंडलंडहून अटलांटिक ओलांडायला निघाले, डेली मेलचं दहा हजार पौंडांचं बक्षीस होतं. एकच इंजिन. इंजिन गार करणारं पाणी उकळायला लागलं. हॉकरने शहाणपणा काय केला, तर इंजिन पूर्ण मरायची वाट न बघता जहाजांच्या वाटेकडे वळला, जहाज दिसेपर्यंत शोधत राहिला, आणि ‘मेरी’ नावाच्या डॅनिश जहाजासमोर विमान पाण्यात उतरवलं. सुटका झाली पण त्या जहाजावर वायरलेस नव्हता! जवळजवळ आठवडाभर जगाने दोघांना मेलेलं धरलं, राजाने हॉकरच्या बायकोला दुखवट्याचा संदेशही पाठवला. मग जहाज स्कॉटलंडजवळ आल्यावर निशाणांनी खूण केली, माणसं जिवंत आहेत.

पंखवेडांच्या चाकांच्या मुद्द्यावरून हे आठवलं. हॉकरने उडाल्या उडाल्या चाकंच खाली टाकून दिली होती, वजन कमी. आणि विमानाच्या पाठीचा एक भाग सुटी होडी म्हणून वापरता यावा असा बनवलेला होता. बक्षीस अटलांटिक पार केलेल्या अल्कॉक आणि ब्राउनला गेलं, पण डेली मेलने याला पाच हजार पौंड दिलेच.

तिरपागडा

ज्याने चाकं फेकून दिली त्याला पाच हजार. मला मागच्या वेळी गाडीचं चाक निखळलं तर दंड झाला.

उंबरठा

दोन इंजिनांचं विमान का घेत नाहीत? साधा उपाय. एवढी चर्चा कशाला.

तेलकट_हात

@उंबरठा, उपाय साधा दिसतो. पण छोट्या ट्विनचं (दोन इंजिनवाल्या विमानाचं) एक इंजिन गेलं की निम्मी नव्हे, त्याहून बरीच जास्त चढायची ताकद जाते, आणि चालू इंजिन विमानाला एका बाजूला ओढत असतं. वेग कमी होऊ दिला तर ते उलटं फिरवतं. सराव असलेल्या माणसाच्या हातात ट्विन नक्कीच जास्त सुरक्षित, समुद्रावर तर विशेषच. सराव नसलेल्याच्या हातात नाही. आणि मामांच्या भाच्याकडे एकाच इंजिनाचं लायसन आहे, त्यामुळे इथे विषय संपला.

उंबरठा

पटलं नाही, पण असो. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

निमूट

आणखी एक. डिसेंबर २०१३, हवाईतल्या मोलोकाई बेटावरून उडालेलं सेसना कॅराव्हॅन, एकच टर्बाइन इंजिन, उडाल्यावर थोड्याच वेळात बंद. पायलटने व्यवस्थित पाण्यावर उतरवलं, आतले नऊच्या नऊ जण बाहेर पडले, एका प्रवाशाने तर सगळं कॅमेऱ्यावर टिपलं. एकाने पोहत किनारा गाठला. पण आठच वाचले. हवाईच्या आरोग्य खात्याच्या संचालक लोरेटा फडी बाहेर आल्या होत्या, जॅकेट अंगावर होतं, आणि पाण्यात हृदयाचे ठोके बिघडून गेल्या.

म्हणून मला वाटतं, आपण सगळे ‘उतरणं’ धरून बसलोय, तो भाग बहुतेक वेळा जमतो. पुढचा तास जड जातो. फार गार पाण्यासाठी एक-दहा-एक असा हिशोब सांगतात. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायचा, कारण धाप लागून माणूस पाणी गिळतो. मग साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात, गाठ मारणं, तराफ्यात चढणं काय ते तेवढ्यात. आणि शुद्ध जायला साधारण तास. गारठून मरायला लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, पण बोटं आधी जातात. तराफ्याची दोरी ओढायला बोटं लागतात.

वाळूचा_किल्ला

मग वस्तू जवळ हव्यात, डिकीत नाही.

खारा_वारा

@वाळूचा_किल्ला, अगदी. आमच्या ट्रेनरचं म्हणणं, अंगावर नसेल तर ते तुमच्याजवळ नाही. बीकनचंही (संकटात सिग्नल पाठवणारं यंत्र) तसंच. विमानातला बीकन विमानाबरोबर बुडतो आणि पाण्याखालून सिग्नल जात नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा खिशातला बीकन मिळतो, तो जॅकेटलाच बांधायचा. जुने फक्त १२१.५ वाले घेऊ नका, उपग्रहांनी ते ऐकणं फेब्रुवारी २००९ पासूनच बंद केलंय.

कोपऱ्यातला

सगळ्यांचे मनापासून आभार, रानवारांचेही. धागा इतका चालेल वाटलं नव्हतं.

पंखवेडांचा एकास नऊचा आकडा घेऊन कागदावर मांडून बघितलं. चाळीस किलोमीटर पाणी. पाच हजार फुटांवरून दोन्हीकडच्या किनाऱ्यापासून साडेतेरा-साडेतेरा किलोमीटर झाकले जातात, मधे साधारण तेरा किलोमीटर असे उरतात की इंजिन गेलं तर पाण्यातच. विमानाच्या वेगाने ते जेमतेम चार मिनिटांचं अंतर. पण आठ हजार फुटांवरून पल्ला बावीस किलोमीटर होतो आणि मधोमध वीसच आहेत. म्हणजे भोक बुजलं! बरोबर आहे ना? शाळेत गणितात कधी पस्तीसच्या वर गेलो नाही म्हणून विचारतोय.

पंखवेडा

गणित बरोबर, मामा (आता सगळ्यांचेच मामा झालात). फक्त समोरचा वारा धरा. बावीसातले दोन किलोमीटर वारा सहज खातो, गोंधळायला गेलेला पहिला अर्धा मिनिट वेगळा. म्हणून मधल्या टप्प्यात मागे वळायचं की पुढे जायचं हे वाऱ्याकडे बघून आधीच ठरवून ठेवायचं. आणि उंची किनाऱ्यावरच घ्यायची, पाण्यावर गेल्यावर चढत बसायचं नाही.

रानवारा

बोटीला एवढं गणित लागत नाही, एवढंच बोलून खाली बसतो.

कोपऱ्यातला

अकरा दिवसांनी परत आलोय, थोडी हकिगत.

भाच्याला फोन करून विचारलं, किती उंचीवरून नेणार? म्हणाला साडेचार हजार. मी कागद समोर धरून आकडे वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला जाताना ८५०० आणि येताना ९५०० करू. विमान जुन्यातलं आहे, कार्ब्युरेटरवालं. कार्ब हीट ओढल्यावर इंजिन खोकलं तर काय करशील विचारलं, बरोबर उत्तर दिलं पठ्ठ्याने, वर विचारतोय की मामा तू हे सगळं कुठे शिकलास.

मग विचारलं, जॅकेट कुठे आहेत? म्हणे मागे सामानाच्या कप्प्यात. फोटो पाठव म्हटलं. फोटो आला. इंजिनवर घालायचं कव्हर, विमान ओढायचा दांडा, तेलाचा डबा, आणि त्या सगळ्याखाली पिशवीत दोन जॅकेट, घडीसुद्धा न मोडलेली. त्यावरची तपासणीची तारीख उलटून दोन वर्षं झालेली. आता नवी आली आहेत, पट्ट्यासारखी कमरेला बांधायची, आणि एक बीकन.

गेल्या शनिवारी हवा वाईट म्हणून उड्डाण रद्द झालं, तर उभ्या विमानातच बसून डोळे मिटून दार शोधायचा सराव केला. पहिल्या दोन वेळा हात खिडकीच्या कडीवर गेला, तिसऱ्यांदा हँडल सापडलं. आता झोपेतही सापडेल.

भिजलेली_वात

म्हणजे जाताय तर!

कोपऱ्यातला

रविवारी, हवा असेल तर.

तिरपागडा

एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. दारात बूट कोणाचा अडकवायचा, तुमचा की भाच्याचा?

कोपऱ्यातला

विचारलं. म्हणाला मामाचा, त्याचे पाय पेडलवर असतात.